कॉलनीच्या चौकात वाहतूक पाट्या हव्या असतील तर आधी काय मागावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या पश्चिम भागातील आपल्या कॉलनीत एक साठ फुटी आणि एक चाळीस फुटी रस्ता एकमेकांना छेदतात. साठ फुटी रस्त्याचे सिमेंटीकरण झाल्यापासून मुख्य रस्त्यावरची गर्दी चुकवणारी वाहने तिथून धावू लागली आहेत. गेल्या काही महिन्यांत या चौकात दोन अपघात झाले आणि त्यांतल्या एकात सकाळी फिरायला निघालेल्या एका आजींचे खुब्याचे हाड मोडले. रहवासी संघाने चारही बाजूंना ‘थांबा’च्या पाट्या आणि स्पीड ब्रेकर मागणारे आवेदन दिले, त्याला उत्तर आले नाही. आता काही सदस्यांचे म्हणणे आहे की वर्गणी काढून पाट्या आणि ब्रेकर आपणच करून टाकावेत. हे करावे का, आणि करू नये तर काम मार्गी कसे लावावे, असे आपण विचारले आहे.

माझी सारी नोकरी रस्ते आणि वाहतुकीच्या कामात झाली आणि निवृत्तीनंतरही शहरातल्या रहवासी संघांना मी अशा बाबतीत मदत करतो. अनुभवाने मला असे दिसले आहे की बहुतेक आवेदने नामंजूर होत नाहीत, ती नुसती पडून राहतात, आणि त्याचे कारण पुष्कळदा आवेदनाच्या मजकुरातच असते. आपण उपाय मागितला आहे, अडचण सांगितलेली नाही. ‘चार पाट्या आणि चार ब्रेकर लावावेत’ असे लिहिले की कागद हातात घेणाऱ्या अभियंत्यापुढे दोनच पर्याय उरतात, होकार किंवा नकार. होकार देण्याइतकी माहिती त्याच्याजवळ नसते आणि नकार देऊन रहवाशांचा व पार्षदांचा (नगरसेवकांचा) रोष ओढवून घेण्याची त्याला इच्छा नसते, म्हणून कागद खाली सरकतो. त्याऐवजी ‘या चौकात अमुक बाजूने येणाऱ्याला अमुक बाजूचे वाहन दिसत नाही, त्याचे हे पुरावे, कृपया स्थळपाहणी करावी’ असे लिहिले तर पहिले पाऊल टाकणे त्याला सोपे जाते.

तेव्हा आपल्या चौकाची खरी अडचण कोणती, हे आधी ठरवावे लागेल. अपघात वेगामुळे होत आहेत, समोरचा न दिसल्यामुळे होत आहेत, की आधी कोणी जायचे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे होत आहेत? तिन्ही कारणे एकत्र असू शकतात, मात्र प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. चौक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी निदान करणार नाही. ते कसे करायचे तेवढे सांगतो, कारण त्याला कोणत्याही यंत्राची गरज नाही.

चाळीस फुटी रस्त्यावर चौकापासून साधारण पंचवीस मीटर मागे उभे राहा आणि डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास येतील इतके वाका, म्हणजे मोटार चालवणाऱ्याची नजर मिळेल. आता चौकाकडे हळूहळू चालत जा आणि उजव्या व डाव्या हाताचा साठ फुटी रस्ता कोणत्या ठिकाणापासून दिसू लागतो ते खडूने रस्त्यावर लिहून ठेवा. आपल्याकडच्या जुन्या कॉलन्यांत हा प्रयोग केला की बहुधा एकच चित्र दिसते. कोपऱ्यावरच्या घराची उंच भिंत, तिच्यावरून रस्त्यावर झुकलेली बोगनवेल, भिंतीला लागून विजेची डीपी, डीपीच्या आडोशाला सकाळी लागणारी पोहे-जिलेबीची गाडी आणि त्या गाडीपुढे तिरक्या उभ्या केलेल्या आठ-दहा दुचाक्या. या सगळ्याच्या पलीकडचा रस्ता मोटारचालकाला दिसतो तेव्हा त्याचे बॉनेट चौकात शिरलेले असते. तिथे कितीही पाट्या लावल्या तरी नियम पाळू इच्छिणाऱ्या माणसालासुद्धा येणारे वाहन वेळेत दिसणार नाही.

आता वेगाचा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत आपल्याकडचे अभियंते अडीच सेकंद धरतात, म्हणजे सुमारे २८ मीटर अंतर ब्रेक लागण्याआधीच संपते. म्हणूनच भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत ताशी ४० किलोमीटरसाठी थांबण्यास लागणारे दृष्टी-अंतर, म्हणजे चालकाला पुढचे जितके दिसायला हवे ते अंतर, ४५ मीटर आणि ताशी ३० किलोमीटरसाठी ३० मीटर धरले आहे. आपल्या खडूच्या खुणेवरून साठ फुटी रस्त्याचा दिसणारा भाग किती मीटर भरतो ते मोजा आणि या आकड्यांशी ताडून पाहा. तो ४५ मीटरहून बराच कमी असेल आणि वाहने ४० च्या वेगाने येत असतील, तर अपघात कोणाच्या बेपर्वाईची वाट पाहत नाही.

वेग मोजणेही सोपे आहे. साठ फुटी रस्त्यावर चौकाच्या थोडे आधी टेपने ५० मीटरचे अंतर मोजून दोन्ही टोकांना खुणा करा. एक जण पहिल्या खुणेवर हात खाली करील आणि दुसरा मोबाइलच्या घड्याळावर दुसऱ्या खुणेपर्यंतचा वेळ घेईल. सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद लागले तर ४०, आणि ३.६ सेकंद लागले तर ५०. सकाळी शाळेच्या वेळी, दुपारी आणि संध्याकाळी शंभरेक वाहनांची नोंद झाली तरी पुरे. नुसती सरासरी काढू नका. अभियंते असा वेग पाहतात की जो शंभरांतील ८५ वाहने ओलांडत नाहीत. आपल्या आवेदनात तो आकडा दिसला की वाचणाऱ्याला कळते की अर्जदाराने काम केलेले आहे. ही मोजणी रस्त्याच्या कडेला, रस्त्यावर न उतरता करावी, आणि मुलांना तिच्यात घेऊ नये.

तिसरी बाब म्हणजे अग्रक्रम. चौकात सिग्नल, पोलीस किंवा पाटी नसेल तर नियम असा आहे की मुख्य रस्ता म्हणून ठरवलेल्या रस्त्यावर शिरणाऱ्याने त्या रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यावे, आणि इतरत्र आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. परवाना असलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे, ते आपल्या संघाच्या बैठकीत विचारून पाहा. व्यवहारात ज्याची गाडी मोठी किंवा ज्याचा हॉर्न आधी, तो जातो. पाटीचे खरे काम हा संशय मिटवण्याचे आहे. दोन रस्त्यांपैकी कोणी थांबायचे हे ती एकदाचे ठरवून देते.

याच कारणाने चारही बाजूंना ‘थांबा’ लावण्याची मागणी मी सोडून द्यायला सांगेन. अमेरिकेत राहणारी आपली मुले-भाचरे सुट्टीत आली की तिकडच्या चौरस्त्यांचे उदाहरण देतात, तिथे चारही बाजूंची वाहने थांबतात आणि आलेल्या क्रमाने निघतात. ती व्यवस्था तिकडे चालते, कारण परवान्याच्या परीक्षेपासून ती अंगवळणी पडलेली असते आणि मोडणाऱ्याला दंड होतो. तरीसुद्धा तिकडच्या राष्ट्रीय नियमावलीतच स्पष्ट लिहिले आहे की वेग कमी करण्यासाठी ‘थांबा’ची पाटी वापरू नये. आपल्याकडे साठ फुटी रस्त्यावरचा चालक रिकाम्या चौकात दोन-चार वेळा विनाकारण थांबेल आणि मग थांबणे सोडून देईल. त्याहून वाईट म्हणजे चाळीस फुटी रस्त्यावरून येणारा ‘त्यालाही पाटी आहे, तो थांबेल’ असे गृहीत धरून पुढे जाईल.

म्हणून एक रस्ता गौण धरावा आणि त्याच्याच दोन तोंडांवर पाटी मागावी. बहुधा तो चाळीस फुटी असेल, पण केवळ रुंदीवरून ठरवू नका. वाहनांची संख्या कोणत्या रस्त्यावर कमी आहे आणि दृष्टी कोणत्या बाजूने अडते, तेही पाहावे. मग प्रश्न राहतो ‘थांबा’ की ‘मार्ग द्या’ हा. ‘थांबा’ची पाटी लाल अष्टकोनी असते, ‘मार्ग द्या’ची उलटा त्रिकोण, पांढरी आणि लाल किनारीची. वेग कमी करून चालता चालता दोन्ही बाजू नीट दिसत असतील तर ‘मार्ग द्या’ पुरते. पूर्ण थांबल्याशिवाय काहीच दिसत नसेल तर ‘थांबा’ हवा. आपल्या वर्णनावरून, विशेषतः कोपऱ्यावरच्या उंच भिंतींचा आपण उल्लेख केला आहे त्यावरून, मला दुसरी शक्यता अधिक वाटते. पाटीबरोबर रस्त्यावर पांढरी थांबारेषा मागायला विसरू नका, कारण नेमके कुठे थांबायचे हे पाटी सांगत नाही. रेषा अशा ठिकाणी हवी की तिथे थांबलेल्याला दोन्ही बाजू दिसतील.

साठ फुटी रस्त्यावर मात्र थांबवणारी पाटी नको, सावध करणारी हवी. पुढे चौक आहे हे दाखवणारा लाल किनारीचा त्रिकोण चौकाच्या पुरेसा आधी असावा, आणि जवळ शाळा असेल तर शाळेची पाटी वेगळी मागावी. पायी चालणाऱ्यांसाठी झेब्रा पट्टे हवेत. ते रंगवण्याआधी दोन्ही टोकांना उतरायला जागा आहे का ते पाहा, कारण पट्टे नालीच्या झाकणावर किंवा उभ्या गाडीवर जाऊन संपत असतील तर ज्येष्ठांना त्यांचा उपयोग नाही.

आता वर्गणीच्या सूचनेकडे येतो. ती मनापासून आलेली आहे हे मला समजते, तरीही करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ प्रमाणे वाहतूक चिन्हे लावण्याचा किंवा लावू देण्याचा अधिकार राज्य शासनाला आणि त्याने अधिकृत केलेल्या प्राधिकरणाला आहे. संघाने स्वतः रंगवून घेतलेली पाटी मोडली म्हणून पोलिसांना कोणावर कारवाई करता येणार नाही, आणि तिच्यामुळे गोंधळ होऊन अपघात झाला तर बोट संघाकडे वळेल. शिवाय अशा पाट्यांचा पत्रा साधा असतो, त्यावर प्रकाश परतवणारा कागद नसतो, त्यामुळे सर्वांत गरजेच्या वेळी, म्हणजे रात्री, त्या दिसत नाहीत.

ब्रेकरच्या बाबतीत माझे म्हणणे आणखी कडक आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलसर गतिरोधकाची रुंदी, म्हणजे वाहन ज्या दिशेने जाते त्या दिशेने मोजलेली, ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असते. ताशी २५ किलोमीटरने जाणारे वाहन तो धक्का न बसता ओलांडते आणि त्याहून वेगात जाणाऱ्याला तो जाणवतो. वर्गणीतून होणारे ब्रेकर याच्या अगदी उलट असतात. उरलेले काँक्रीट आडवे ओतलेले, हातभर रुंद आणि वीतभर उंच. अशा उंचवट्यावरून कोणत्याही वेगाने गेले तरी धक्का बसतोच, स्कूटरवर मागे बसलेली बाई उडते, पाठीच्या दुखण्याचा माणूस कळवळतो आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे हाल होतात. काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्यांचेही तेच. काही महिन्यांत त्यांचे तुकडे निघतात आणि रस्त्यात रोवलेले बोल्ट टायर फाडायला उघडे राहतात. रंग आणि आधीची सूचनापाटी नसलेला ब्रेकर रात्री दुचाकीस्वाराला पाडतो. मानकात ती पाटी ४० मीटर आधी सांगितली आहे. अपघात टाळण्यासाठी केलेल्या कामामुळे कोणी पडावे, हे आपल्यापैकी कोणालाच सहन होणार नाही.

गतिरोधक मागूच नये असे मी म्हणत नाही. गौण रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे, गौण रस्त्यावर, त्याची जागा आहे आणि मानकालाही ते मान्य आहे. पाटी न वाचणारा चालकही तिथे हळू होतो, म्हणून ‘थांबा’ची पाटी, रेषा आणि थोडा आधी योग्य मापाचा गतिरोधक ही सांगड आपल्याकडे चांगली चालते. साठ फुटी रस्त्यावर वेग खरोखरच जास्त आढळला तर चौकातच झेब्रा पट्ट्यांसह उंच केलेला सपाट ओटा, किंवा कोपरे पुढे आणून रस्त्याचे तोंड अरुंद करणे, हे उपाय अधिक बरे. ते खर्चिक आहेत, म्हणून आधी वाहतूक पोलिसांच्या संमतीने काही आठवडे शंकू किंवा वाळूने भरलेले ड्रम ठेवून प्रयोग करता येतो. सिटी बस, शाळेच्या बसेस आणि कचरागाडी वळू शकतात का, तेही त्यातच कळते.

एवढ्यावरून हे लक्षात आले असेल की सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी होण्यासारखे काम पाटीचे नाहीच, कोपरे मोकळे करण्याचे आहे. वेल छाटायला घरमालकाची संमती पुरते. चौकाजवळ आणि वळणावर गाडी उभी करायला नियमांतच मनाई आहे, तेव्हा त्या भागात वाहने उभी करू नयेत अशी खूण आणि पाटी मागता येते. पोह्यांच्या गाडीवाल्याशी भांडू नका. त्याचे पोट त्यावर आहे. पंधरा-वीस मीटर पलीकडे, त्याचे गिऱ्हाईक तुटणार नाही अशी जागा संघाने सुचवली तर तो बहुधा ऐकतो. विजेची डीपी हलवणे मात्र खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे, ते आवेदनात वेगळे लिहा, नाही तर तिच्या नावाखाली बाकी सगळे थांबेल. चौकातला दिवा बंद असेल किंवा झाडाच्या फांदीत अडकला असेल तर ती तक्रार आजच नगर निगमाच्या (महापालिकेच्या) ‘इंदूर ३११’ ॲपवर टाका, कारण त्यासाठी कोणाच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

आवेदन देण्याआधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते निगमाच्या झोन कार्यालयात विचारा. आपली कॉलनी नगर निगमाकडे हस्तांतरित झालेली आहे, की विकास प्राधिकरणाच्या योजनेत आहे, की अजून कॉलनी काढणाऱ्याच्याच नावावर आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. हस्तांतरण झालेले नसेल तर निगमाचे अधिकारी इच्छा असूनही खर्च टाकू शकत नाहीत, आणि आपले पहिले आवेदन तिथेच अडले असण्याची शक्यता आहे. निगमाचा रस्ता असेल तर आवेदन निगम आयुक्तांच्या नावे झोनमार्फत द्यावे आणि प्रत वाहतूक पोलिसांच्या उपायुक्तांना व पार्षदांना द्यावी. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा.

मजकूर एका पानात बसवा. सोबत चौकाचा हाताने काढलेला नकाशा, त्यात रस्त्यांची मोजलेली रुंदी, दृष्टी अडवणाऱ्या वस्तू, अपघातांच्या जागा, वेगाच्या नोंदी आणि चालकाच्या उंचीवरून घेतलेले चार फोटो जोडा. दोन्ही अपघातांची पोलिसांत नोंद आहे का ते जरूर पाहा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त राष्ट्रीय महामार्गांवर, त्यामुळे यंत्रणेचे लक्ष तिकडे असणे स्वाभाविक आहे. ‘तुमचा चौक ब्लॅक स्पॉट (वारंवार अपघातांची जागा) नाही’ असे कोणी म्हणाले तर नम्रपणे सांगा की ती व्याख्या राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यासाठी आहे, तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू अशी, आणि कॉलनीच्या चौकाला ती लावायची म्हटली तर आधी तेवढी माणसे जखमी व्हायला किंवा जायला हवीत. पोलीस आता अपघातांची नोंद संगणकीय प्रणालीत करतात. ज्याची नोंद नाही तो अपघात कोणत्याही बैठकीत मोजला जात नाही. किरकोळ धडकेनंतर ‘जाऊ द्या, आपसात मिटवू’ म्हणण्याची आपली सवय इथे आपल्याच आड येते.

सह्या दोन्ही रस्त्यांवरच्या रहवाशांच्या घ्या, त्यात कोपऱ्यावरच्या दुकानदारांच्याही. गतिरोधक ज्यांच्या दारासमोर येणार त्यांची लेखी संमती आधीच घ्या, कारण रात्री ब्रेकचा आणि आदळण्याचा आवाज त्यांनाच ऐकायचा आहे. काम मंजूर होऊन माणसे साहित्य घेऊन आली आणि एका घराने विरोध केला म्हणून परत गेली, असे मी पाहिले आहे.

महिनाभरात पाहणी झाली नाही तर मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समक्ष ऐकतात तिथे, आवक क्रमांक घेऊन जा, किंवा १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तक्रारीत मागणी एकच आणि नेमकी ठेवा: ‘निगम आणि वाहतूक पोलीस यांनी संयुक्त स्थळपाहणी करून अहवाल द्यावा.’ पाच मागण्या घातल्या तर एक पुरी करून तक्रार बंद करण्याचा फोन येईल. काम झाल्याशिवाय बंद करायला संमती देऊ नका. तेवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे विषय ठेवण्याची विनंती जिल्हाधिकाऱ्यांना करता येते. पाहणीच्या दिवशी संघाचे दोनच लोक असावेत, आणि पाहणी गर्दीच्या वेळी ठेवण्याची विनंती करावी. दुपारी दोन वाजता कोणताही चौक सुरक्षित दिसतो.

पाट्या लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याच खुणांवर, त्याच वेळी, वेग पुन्हा मोजा आणि आकडे त्याच अभियंत्याला लेखी कळवा. उतरले असतील तर त्याला पुढच्या चौकासाठी आधार मिळतो, उतरले नसतील तर उंच ओट्याची मागणी करायला आपल्याजवळ कारण असते. दरम्यान दोन्ही रस्त्यांची मोजमापे आणि चारही तोंडांचे फोटो आपण पाठवलेत, तर कोणता रस्ता गौण धरावा आणि थांबारेषा कुठे यावी हे मला अधिक नेमके सांगता येईल. फोटो सकाळी पोह्यांची गाडी लागलेली असतानाचे असावेत, सुट्टीच्या दिवसाचे नकोत.